पलीकडच्या काठावरचा मुदपाकखाना

लालबाग राजवाड्याचा मुदपाकखाना राजवाड्यात नाही. तो नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. कान्ह नदीच्या (आमची आई तिला अजून खान नदीच म्हणते) एका बाजूला होळकरांचा महाल: इटालियन संगमरवराचे खांब, झुंबरं, नाचाच्या दालनातली स्प्रिंगांवर बसवलेली लाकडी जमीन. दुसऱ्या बाजूला चुली. दोन्हींच्या मध्ये जमिनीखालून जाणारी भुयारी वाट. पाहुण्यांनी इकडे मेजावर बसायचं आणि ताटं भुयारातून यायची. धूर नाही, भांड्यांचा आवाज नाही, फोडणीचा ठसका नाही. जेवण जणू हवेतून अवतरलं.

लालबाग म्हटलं की मुंबईकरांना गणपती आठवतो. आमच्या इंदूरच्या लालबागेतही राजेच असायचे, फक्त दहा दिवसांपुरते नव्हे.

हा मुदपाकखाना मला लहानपणापासून माहीत होता, पण तो उपयोगी पडला परवा, भाचीच्या प्रोजेक्टमुळे. भाची नववीत आहे. वर्गात चौघाचौघांचे गट पाडून प्रत्येकाला शहरातली एक वास्तू दिली होती. तिची माहिती जमवायची, फोटो काढायचे आणि या वेळी चार्टपेपरवर चिकटवायचं नाही, वेबसाइट बनवायची. हिच्या गटाच्या वाट्याला लालबाग आली. हिंदी पान एका मैत्रिणीकडे, इंग्रजी दुसरीकडे, फोटो तिसरीकडे. गटात घरी मराठी बोलणारी ही एकटीच, म्हणून मराठी पान हिने मागून घेतलं. मग माझ्याकडे आली, कारण मी एके काळी संगणकावर लग्नपत्रिका जुळवायचे. घरातल्या लोकांच्या लेखी तेवढ्यावर मी तज्ज्ञ.

तिचा पहिला प्रश्न असा होता: "आत्या, पण ही साइट राहते कुठे?"

मला वाटलं होतं, रंग कसे द्यायचे किंवा फोटो कसा लावायचा असं काही विचारेल. हा प्रश्न ऐकून मीच गप्प झाले. आपण रोज पन्नास वेबसाइटी बघतो. त्या राहतात कुठे?

उत्तर शोधायला आम्ही आधी दुसऱ्याच टोकाकडून शिरलो. संगणकावर कुठलंही पान उघडा आणि कंट्रोलबरोबर यू दाबा. रंगीत पान बाजूला होतं आणि मागून नुसता मजकूर दिसतो. ना चित्र, ना रंग. ओळींमागून ओळी, मध्ये मध्ये टोकदार कंस आणि त्या कंसांत त्रोटक सूचना: इथून मथळा सुरू, इथे संपला, हा परिच्छेद, इथे अमुक नावाचा फोटो लाव, या शब्दावर बोट ठेवलं तर तमुक पानावर ने. याला एचटीएमएल म्हणतात, त्या सूचनांना टॅग.

मला ते बघून छापखाना आठवला. जुळाऱ्याकडे मजकूर देण्याआधी मुद्रितशोधक हस्तलिखितावर लाल शाईने खुणा करायचा: हा मथळा ठळक, इथे नवा परिच्छेद, हे तिरप्या टायपात. त्या खुणा छापायच्या नसत, पाळायच्या असत. एचटीएमएल हे नेमकं तेच आहे, आणि त्याच्या नावातला 'मार्कअप' हा शब्दही छापखान्यातूनच आलेला आहे. अख्खं पान म्हणजे खुणा केलेलं हस्तलिखित. फरक एवढाच, की त्या खुणा वाचणारा जुळारी आता प्रत्येकाच्या खिशात असतो. त्याला आपण ब्राउझर म्हणतो.

भाचीचं मराठी पान पूर्ण झालं तेव्हा त्याचं वजन आम्ही बघितलं. मजकूर आणि खुणा धरून जेमतेम दहा हजार बाइट. बाइट म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्न यांच्यामधला एक आकडा, बस. दहा हजार आकड्यांची एक यादी, आणि त्या यादीतून पडद्यावर महाल उभा राहतो.

आता मूळ प्रश्न. ही यादी एका संगणकावर ठेवलेली असते. तो संगणक सतत चालू असतो, इंटरनेटला जोडलेला असतो आणि कुणी मागितलं की देतो. एवढंच त्याचं काम, म्हणून तो सर्व्हर, म्हणजे वाढपी. भाचीच्या गटाने एका मोफत सेवेवर जागा घेतली. त्या सेवेचे संगणक कुठे आहेत ते त्यांना दिसत नाही, दिसायचं कारणही नाही.

"म्हणजे पलीकडच्या काठावरचं किचन," भाची म्हणाली. आदल्याच रविवारी ती लालबागेत जाऊन आली होती.

उपमा तिची आहे, माझी नाही. मी फक्त ती जरा ताणून बघितली, तर ती बऱ्याच अंतरापर्यंत पुरते. आपण पत्ता लिहितो ती फर्माईश. पत्ता शब्दांत असतो, पण यंत्रांना आकडे लागतात, म्हणून आधी एका वेगळ्या नोंदवहीत विचारपूस होते की या नावाचा आकडा कोणता. ही नोंदवही जगभर वाटून ठेवलेली आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना १९८३ साली केली, आणि आजही आपण कुठलंही पान उघडायच्या आधी हळूच तिच्याकडे डोकावतो. आकडा मिळाला की फर्माईश भुयारात शिरते. हे भुयार म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून लेझरचे लुकलुकाट धावतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. इंदूरहून मुंबई सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पानाची प्रत मुंबईतल्या एखाद्या संगणकावर असेल तर नुसत्या प्रवासाला सेकंदाचा चारशेवा भाग लागतो. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रं थोडा वेळ खातात हे मान्य. तरी पापणी लवायच्या आत जाणं-येणं होतं.

पण एका ठिकाणी ही उपमा मोडते, आणि गंमत तिथेच आहे. होळकरांच्या मुदपाकखान्यातून शिजलेलं जेवण यायचं. सर्व्हरकडून शिजलेलं काही येत नाही. शिधा येतो आणि बरोबर कृतीचा कागद. अन्न शिजतं तुमच्या मेजावर, तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या फोनच्या चुलीवर. माझा फोन लहान असेल तर तो ओळी आखूड करतो, वर्गातल्या मोठ्या पडद्यावर त्याच ओळी लांब होतात. आजी अक्षर मोठं करून बघते, तिच्यासाठी सगळं पान नव्याने रचलं जातं. म्हणजे भाचीने बनवलेलं पान खरं म्हणजे कुठेच 'असत' नाही. पलीकडे त्याची कृती असते. पान बघणाऱ्याच्या हातात दर वेळी पहिल्यापासून तयार होतं आणि खिडकी मिटली की जातं. दहा जणांनी बघितलं तर दहा महाल उभे राहतात. मुदपाकखान्यातला शिधा मात्र तिळभरही कमी होत नाही.

फोटोची गोष्ट आणखी मजेची आहे. लालबागेचं मोठं फाटक प्रसिद्ध आहे. लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर ते इंग्लंडमध्ये ओतवून घेतलं आणि समुद्रमार्गे मुंबईला आणून तिथून इंदूरला पोचवलं. एवढं अवजड लोखंड कसं चढवलं-उतरवलं असेल, देव जाणे. मैत्रिणीने या फाटकाचा जो फोटो काढला तो तीस लाख बाइटांचा होता. भुयारातून एका वेळी साधारण पंधराशे बाइटांचंच पुडकं जातं. तेव्हा या फाटकाचे दोन हजारांहून अधिक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला, कुठे जायचं आणि कितवा आहे हे लिहिलेलं असतं. सगळे तुकडे एकाच वाटेने जातील किंवा क्रमाने पोचतील असं नाही. पोचलेले तुकडे पलीकडचं यंत्र क्रमांक बघून जोडतं, एखादा हरवला तर 'एक हजार चारशे सव्विसावा आला नाही, पुन्हा पाठव' असा निरोप धाडतं. एका सेकंदात दोन हजार तुकड्यांचं फाटक पुन्हा उभं. ते लंडनमध्ये उघडलं तर फाटक परत गेलं म्हणायचं.

आमचं फाटक मात्र पहिल्या दिवशी कुठेच गेलं नाही. घरच्या संगणकावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. साइट चढवली आणि फोटोच्या जागी फाटक्या कागदाचं एक केविलवाणं चित्र आलं. आम्ही दोघींनी पावणेदोन तास घालवले. शेवटी सापडलं काय, तर मैत्रिणीने फाइलचं नाव मोठ्या जी-ने सुरू केलं होतं आणि भाचीने कृतीच्या कागदावर लहान जी लिहिला होता. घरच्या संगणकाला दोन्ही सारखेच. पलीकडच्या वाढप्याला मात्र ती दोन वेगळी नावं, आणि 'या नावाचा पदार्थ आमच्याकडे नाही' एवढंच तो सांगतो. ते त्याचं प्रसिद्ध उत्तर, चारशे चार क्रमांकाचं. देवनागरीत ग एकच असतो, ना मोठा ना लहान. हे फाइलींचं खटलं मराठीत चाललं असतं तर माझे पावणेदोन तास वाचले असते.

रंगरूपाबद्दल फार सांगत नाही. खुणा केलेला मजकूर एका फाइलमध्ये आणि त्याचे कपडे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवतात, एवढं कळलं की पुरे. इंदूरकराला ते समजावून सांगायला लालबाग आणि माणिकबाग ही जोडी पुरते. तुकोजीराव तिसऱ्यांच्या लालबागेत रंगवलेली छतं आणि सोनेरी नक्षी. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतलेल्या माणिकबागेत सरळ रेषा, काच, धातू, आणि फुलापानांना मज्जाव. घराणं एक, राहण्याच्या गरजा त्याच, पोशाखाची फाइल बदलली.

हे सगळं सुरू कुठे झालं, हे भाचीला पानाच्या तळाशी एका ओळीत लिहायचं होतं. तिथे आम्हाला इंदूर अनपेक्षितपणे भेटलं. वेब जन्मलं ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये कल्पना मांडली, १९९० अखेर पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू केला, आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये जगाला सांगितलं. अडचण साधी होती: देशोदेशीचे भौतिकशास्त्रज्ञ येत, प्रत्येकाचा संगणक वेगळा, कागद एकमेकांना वाचता येत नसत. अख्खं वेब तेव्हा एका टेबलावरच्या एका संगणकात राहत होतं आणि 'हा सर्व्हर आहे, बंद करू नका' अशा अर्थाची चिठ्ठी लाल शाईने लिहून त्याला चिकटवलेली होती. सफाई करणाऱ्याने खटका दाबला असता तर वेब बंद पडलं असतं. त्याच सर्नमध्ये पुढे जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर घेराचा कणांचा महाकाय त्वरक बांधला गेला. भारताने त्यासाठी जी सामग्री दिली तिच्यात आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा होता. लेझर आणि त्वरक हीच या केंद्राची कामं, १९८४ पासून. रोज पोहे-जिलेबी खाऊन कामाला जाणारी माणसं त्या भुयाराशी जोडलेली आहेत, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

आणि हो, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर एकाच प्रकारच्या महागड्या संगणकावर चालायचा. इतरांसाठी चित्रमय ब्राउझर हवा होता. तो सुरुवातीलाच ज्यांनी बनवून दाखवला त्यांत हेलसिंकी तंत्रविद्यापीठातले चार विद्यार्थी होते. त्यांनी १९९२ साली तो बनवला, तोही अभ्यासक्रमातलं प्रोजेक्ट म्हणून. नाव होतं अर्वाइज. बर्नर्स-ली स्वतः फिनलंडला जाऊन त्यांना भेटले, पुढे चालू ठेवा म्हणून गळ घातली. पण पोरं पदवी घेऊन आपापल्या वाटेने गेली, पैसे द्यायला कुणी नव्हतं. बर्नर्स-ली यांनी स्वतः ते काम उचलायचा विचार केला, तर सगळी टिपणं फिनिश भाषेत. प्रोजेक्ट जमा झालं, गुण मिळाले असतील, विषय संपला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला आणि इतिहासाने त्याचं नाव लक्षात ठेवलं. भाचीला ही गोष्ट फार लागली. "आपल्या भाषेत लिहिलं म्हणून राहून गेलं?" असं ती दोनदा म्हणाली. मी सांगितलं, पैशांमुळे राहिलं. पण तिच्या डोक्यातून ते गेलं नाही.

कारण आम्ही नेमक्या तिथेच अडकलो होतो, आपल्या भाषेपाशी.

मी रामबागेत एका छोट्या छापखान्यात अक्षरजुळणी करत होते ते १९९० चं दशक. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडाच कळतो. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा होता, आपल्या अक्षरांचा एकमताचा आकडा आमच्या यंत्रांत नव्हता. मग आमच्या मराठी फाँटांनी संगणकाला चक्क फसवलं. संगणक समजायचा की बाई इंग्रजी लिहिते आहे. फाँट त्या इंग्रजी अक्षरावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा असेपर्यंत झकास. एकदा एक पत्रिका मी फ्लॉपीवर घालून दुसऱ्या छापखान्यात नेली, तिथे तो फाँट नव्हता. उघडल्यावर चि. सौ. कां. च्या जागी पौंडाची चिन्हं, टोप्या घातलेले ए आणि उलटी प्रश्नचिन्हं. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून विसरले नाही. १९९९ साली याच इंदूरमधून वेबदुनिया हे पहिलं हिंदी पोर्टल सुरू झालं ते असल्या दिवसांत, हे आठवलं की मला त्या लोकांना नमस्कार करावासा वाटतो.

उपाय ऐकायला सोपा होता: जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा, दुसऱ्या कुणाला न दिलेला आकडा द्यायचा. त्याचं नाव युनिकोड. पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. तिची मांडणी भारतात ठरलेल्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा एकशे अठ्ठावीस खोल्यांची चाळ मिळाली. ल राहतो २३५४ मध्ये, शेजारच्या २३५५ मध्ये ळ. ॲपमधला ॲ बराच काळ बेघर होता, त्याला २४१८ ही खोली २००८ मध्ये मिळाली.

भाचीने आपल्या गावाचं नाव आकड्यांत लिहून बघितलं. इ, अनुस्वार, द, मग स्वर, मग र. मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर, एवढ्या एका मात्रेवरून आमच्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांत कायम थट्टा चालते. दीर्घ ऊकाराचा आकडा २३७०. औकाराचा २३८०. बाकी सगळे आकडे सारखे. म्हणजे मराठी इंदूर आणि हिंदी इंदौर यांच्यात नेमका दहाचा फरक आहे. हे कुणी ठरवून केलेलं नाही, आणि त्यातून काही निघतही नाही. पण आम्ही दोघी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसलो.

पण बाइट तर दोनशे पंचावन्नपर्यंतच मोजतो, मग त्यात २३५४ मावणार कसा? याची युक्ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवताना, ताटाखालच्या कागदावर लिहून काढली. तिला यूटीएफ-८ म्हणतात. आकडा लहान असेल तर एक बाइट, मोठा असेल तर दोन, तीन किंवा चार. आणि पहिल्या बाइटच्या सुरुवातीलाच लिहायचं की मागे अजून किती डबे जोडले आहेत. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरी तीन घेतं. 'ल' म्हणजे २२४, १६४, १७८. 'लालबाग' या शब्दात काना धरून सहा खोल्या, म्हणजे अठरा बाइट. मुदपाकखान्याच्या गोष्टीत ही खानावळ येणारच होती.

आकडे पोचले, तरी अक्षर उमटलेलं नसतं. 'शिवाजीराव' हे नाव घ्या. आपण बोलतो तसं ते साठवलेलं असतं: आधी श, मग ऱ्हस्व इकार. पण लिहिताना वेलांटी श-च्या आधी काढायची. जोडाक्षरं, रफार, 'वाऱ्या'तला चंद्रकोरीसारखा अर्धा र, या सगळ्यांची मांडामांड करणारा एक अदृश्य जुळारी ब्राउझरच्या पोटात असतो. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमधल्या त्या जुळाऱ्याचं नाव हर्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. महालातले गालिचे इराणी, तसा हा जुळारीही नावाने इराणी. मी वीस वर्षांत जेवढ्या वेलांट्या जागेवर बसवल्या, तेवढ्या तो क्षणात बसवतो आणि चहा मागत नाही.

तरीही भाचीचं समाधान होईना. पान दिसत होतं, एकही अक्षर फुटलेलं नव्हतं. पण तिला काहीतरी खटकत होतं. शेवटी तिने आजीची जुनी वही आणली आणि पडद्याशेजारी धरली. "हा ल आजीचा ल नाही."

खरंच नव्हता. मराठी ल दोन्हीकडे पाकळ्या पसरून बसतो, हिंदी ल उजवीकडच्या उभ्या दांडीला टेकून उभा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरा असा निर्णय काढला, तो हाच ल. पण दोघांचा आकडा एकच, २३५४. युनिकोडच्या लेखी ते एकच अक्षर, दोन वळणांनी लिहिलेलं. मग यंत्राला कसं कळणार की लिहिणाऱ्या बाईचं वळण कोणतं?

उत्तर पानाच्या पहिल्याच ओळीत होतं आणि आमच्या दोघींच्या नजरेतून सुटलं होतं. पान कोणत्या भाषेतलं आहे हे तिथे दोन अक्षरांत सांगायचं असतं. हिंदीसाठी एच आय, मराठीसाठी एम आर. भाचीने मैत्रिणीची फाइल घेऊन तिच्यात आपला मजकूर भरला होता, त्यामुळे पान सांगत होतं की मी हिंदी आहे. वापरलेला नोटो फाँट दोन्ही ल पोटात घेऊन शांत बसला होता, कुणी विचारलं की देऊ म्हणून. भाचीने एच आय खोडून एम आर केलं. मजकुराचं एकही अक्षर बदललं नाही, आकडाही नाही. पण पान पुन्हा उघडलं आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक ल-ने पाकळ्या उघडल्या. लालबागेतले दोन्ही. महालातला. झालेला, केलेला, बांधलेला. होळकरांचा ळ होताच तिथे.

तिने ते चार वेळा करून बघितलं. हिंदी, मराठी, हिंदी, मराठी. मग मला करायला दिलं.

प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री साइट आजीला दाखवली. आजी म्हणजे माझी आई, वय ब्याऐंशी, जन्म इंदूरचा, होळकरांच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारी. तिने फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि फाटकाचा फोटो बघून मान डोलावली. मग वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. भाचीने लिहिलं होतं की राजवाड्याचं काम १८८६ मध्ये सुरू झालं आणि १९२१ मध्ये तुकोजीराव दुसरे यांच्या काळात पूर्ण झालं.

"दुसरे कसले? दुसरे शहाऐंशीतच गेले. सुरू झालं ते त्यांच्या काळात. मग शिवाजीराव. पुरं केलं ते तिसऱ्यांनी."

लग्नपत्रिकेत अशी चूक निघाली की काय व्हायचं ते मला पाठ आहे. पाचशे पत्रिका मांडीवर घेऊन बसायचं, काळ्या पेनने एकेका पत्रिकेवर खाडाखोड करायची, आणि वाटून झालेल्या पन्नासांचं काहीच करता यायचं नाही.

भाची आतल्या खोलीत गेली. ती काय करते आहे ते मला दारातून दिसत होतं. आता ती खोल्यांचे आकडे शेजारी मांडून ठेवत असे, सवयच लागली होती. 'दुसरे' या शब्दाची सुरुवात २३४२ आणि २३६९. 'तिसरे'ची २३४० आणि २३६७. पुढचे तिन्ही आकडे तेच. पहिल्या दोघांतून दोन-दोन वजा केले की दुसरे तुकोजीराव तिसरे होतात. ती स्वतःशीच हसली, फाइल चढवली आणि ओरडली, "आज्जी, पान खाली ओढून सोड!"

आईने अंगठ्याने पान खाली ओढलं आणि सोडलं. एक गोल चक्कर फिरली. तिने चष्मा पुन्हा वर केला, तिसरी ओळ शोधली आणि ती मोठ्याने वाचली.